हलकी जोड

"त्या पाळणाघरवाल्या बाईला एवढ्या चिठ्ठ्या पाठवत जाऊ नकोस गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "बोललेलं विरून जातं. लिहिलेलं राहतं, आणि राहिलेलं कोण कसं वाचेल याचा नेम नाही."

मी तेव्हा गार्गीची बाटली उकळत उभी होते. हो हो म्हणाले आणि मनात म्हटलं, सातवी झालेल्या बाईनं एमएवालीला काय शिकवावं! मग बाटली गार करायला ठेवली आणि त्या दिवसाची चिठ्ठी लिहायला बसले.

"१० वाजता पेज. गाळून. ११.३० ला झोप. डाव्या कुशीवर नको. रडली तर आधी शी बघावी, मग पोट. पाणी उकळलेलंच. कबूतर जवळ आलं तर हाकलावं."

गार्गी दहा महिन्यांची होती. खडकपुरात आम्ही तीन पाळणाघरं करून पाहिली. पहिल्यात तिनं चार तास सलग रडून दाखवलं, दुसऱ्यात अन्नाला तोंड लावलं नाही, तिसऱ्यातून त्यांनीच फोन केला, "वहिनी, न्या." मग चौथं. शिंपी गल्लीच्या टोकाला इंदूमावशींचं. इंदुमती तरटे. ठेंगण्या, कपाळावर आठी, बोलणं फटकळ. त्यांनी गार्गीला माझ्या कडेवरून उचललं, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "नाटकं घरी," आणि आत घेऊन गेल्या. मी पायरीवर तासभर कान देऊन बसले. आवाज नाही. शेवटी घाबरून आत डोकावले, तर कार्टी झोपलेली.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे मावशींच्या पाळणाघरातला खिडकीजवळचा तिसरा पाळणा. तो गेला की माझी नोकरी गेली, झोप गेली, सगळंच गेलं.

आणि नेमका त्याच वर्षी मावशींनी नगरपरिषदेच्या निवडणुकीला अपक्ष अर्ज भरला.

कारण होतं दारासमोरची उघडी गटार. तीनदा पोरं पडली होती त्यात. मावशींनी अकरा अर्ज केले. अकराव्याचंही उत्तर आलं नाही, तेव्हा बारावा अर्ज त्यांनी उमेदवारीचाच भरला.

मला तेव्हा पंधरा दिवसांचं काम मिळालं होतं, ते हणमंतराव मोकाशींच्या प्रचार कार्यालयात. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या प्रभाग सातचे माजी नगरसेवक आणि कॉलेजच्या संस्थेचे विश्वस्त. निवडणूक झाली की तासिका तत्त्वावर का होईना, मला राज्यशास्त्राचे तास द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. हे मी मावशींना आधीच सांगून टाकलं. लपवून ठेवायची माझी छाती नव्हती.

"कुणाचंही काम कर," मावशी म्हणाल्या. "सहाच्या ठोक्याला पोरीला न्यायला ये म्हणजे झालं."

कार्यालय म्हणजे तात्यांचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा जुना गाळा. प्रचाराची सूत्रं सदूनानांकडे. सदूनाना जन्मभर गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांच्या जोड्या ठरवत आले. कुठला पैलवान कुणाशी लढवायचा, हा त्यांचा धंदा. दंडाला हात लावून वजन सांगायचे म्हणे.

पहिल्याच बैठकीत त्यांनी टेबलावर चहाचे दोन कप मांडले.

"हे आपलं तात्या. हा घुलेशेठ, चालू नगरसेवक. आणि ही बशी," त्यांनी कपाऐवजी बशीच पुढे सरकवली, "ही पाळणाघरवाली बाई. आता मॅडम, तुम्ही शिकलेल्या. टीका कुणावर करायची?"

"घुल्यांवर," मी म्हणाले. "मुख्य विरोधक तेच."

सदूनाना तात्यांकडे बघून हसले. "बघा. म्हणून शिकलेल्यांची पोरं कुस्तीत मार खातात. अहो मॅडम, घुल्याला आठशे मतं पडणार, तात्याला सातशे. घुल्याला शिव्या देऊन त्याची आठशेची सातशे नव्याण्णव होत नाहीत. उलट फडात त्याचं नाव दुमदुमतं. मोठ्या पैलवानाला फडात बोलवायचंच नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही."

"मग?"

"जोड हलकी घ्यायची. बाईला आज साठ मतं पडतील. तिच्यावर आपण रोज तुटून पडायचं. लोकांना वाटेल, एवढा मोठा तात्या हिला घाबरतोय, म्हणजे हिच्यात दम असणार! तात्यावर ज्यांचा राग आहे ती माणसं आत्ता घुल्याकडं चाललीत. त्यातली दोनशे बाईकडं वळली, की घुले सहाशे, बाई अडीचशे, तात्या सातशे. खेळ खलास."

तात्या दाढी खाजवत म्हणाले, "बाई जास्त फुगली तर?"

"फुगंल कशी? दोरी माझ्या हातात."

ठरलं. प्रभाग सात म्हणून रोज एक असे सात प्रश्न. पत्रक सकाळी अकराला घरोघर जायचं. लिहायचं मी, आणि तपासायचे सदूनानांनी, लाल पेनानं.

"आणि मॅडम, उद्या माघारीची मुदत संपतीय," सदूनाना म्हणाले. "बाईनं अर्ज मागं घेता कामा नये. बरं, तुमची पोरगी तिथंच असते ना? घरचं काय तिच्या?"

"एकट्याच असतात. मुलगा आहे, सुधीर. नागपूरला. चार वर्षांत आला नाही."

गार्गीला थोपटता थोपटता मावशींच्या तोंडून एकदा निसटलेलं मी बोलता बोलता सांगून टाकलं. चहा गरम होता, आल्याचा होता, आणि त्या सगळ्या पुरुषांत मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. सदूनाना नुसते "हूं" म्हणाले.

संध्याकाळी पहिला प्रश्न छापून बघितला. "अठरा मुलं झोपवणाऱ्या बाईंना नगरपरिषदेचा कारभार जमेल का?" सदूनानांनी दोन ठिकाणी लाल रेघ मारली, मी दुरुस्त करून नवी प्रत काढली. जुनी तशीच पर्समध्ये टाकली. मी कागद फेकत नाही. आमच्या घरी पाठकोरा कागद फेकला तर सासूबाई दिवसभर त्याची आठवण काढतात.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गार्गीला सोडलं, चिठ्ठी दिली, मावशींनी ती वाचली, उंबऱ्याजवळच्या तारेत खोचली आणि मला "जा आता" म्हणाल्या.

पाळणाघराच्या दारावर एक फळा होता. मावशी त्यावर रोज पोरांचं जेवण लिहायच्या. अकराला पत्रक वाटायला गेलेला आमचा माणूस साडेअकराला परत आला, तो डोकं खाजवत.

"नाना, पत्रक वाटायच्या आधीच तिच्या फळ्यावर उत्तर होतं."

"काय होतं?"

त्यानं लिहून आणलं होतं. "मुलांना झोपवते, कारण त्यांना वाढायचं असतं. नगरपरिषद आपली आपण झोपते. तिला उठवायला उभी आहे. आज: मऊ भात, वरण."

सदूनाना मांडीवर थाप मारून हसले. "वा! बाई तयारीची आहे. आता अर्ज मागं घेत नाही. जोड जमली!"

दुसरा प्रश्न होता, मावशींनी प्रभागासाठी आजवर कोणतं काम केलं? सकाळी दहालाच फळ्यावर उत्तर: "काही नाही. नगरपरिषदेचं काम नगरपरिषदेनं करावं म्हणून अकरा अर्ज केले. आज: नाचणीची पेज."

आता सदूनाना हसले नाहीत.

तिसरा प्रश्न होता, मावशींच्या मागे कोण आहे? फळ्यावर: "माझ्या मागे अठरा पोरं, त्यातली गार्गी अजून रांगते. पुढे गटार. आज: भोपळ्याचे घारगे." शिंपी गल्लीत माणसं दूध आणायला निघाली की वळसा घालून फळा वाचून जायला लागली. कुणी फोटो काढून पाठवायला लागलं. आमचं पत्रक हातात पडलं की बायका म्हणायच्या, "हे शिळं आहे, उत्तर सकाळीच वाचलं."

"फितूर!" तात्यांनी टेबलावर मूठ आपटली. "प्रश्न माहीत कुणाला? मला, तुला आणि मॅडमला. मॅडम बिचाऱ्या पोरीपायी त्या बाईच्या मुठीत. त्यांची काय हिंमत! राहिलास तू."

"मी?" सदूनाना उठून उभे राहिले. "तात्या, चाळीस वर्षं जोड्या लावल्या. एकदा सुद्धा कुस्ती विकली नाही. आणि तू मला?"

"मग गेलं कसं?"

"तुझ्या तोंडातनं गेलं असंल. जेवताना बोलतोस तू."

त्या दिवशी सदूनानांनी कार्यालयातला चहा घेतला नाही. रस्त्यापलीकडच्या टपरीवर, आमच्याकडे पाठ करून, एकटे पीत बसले. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं. फितूर कोण, हे बघायची जबाबदारी मग तात्यांनी माझ्यावर टाकली. "तुमचं लक्ष बारीक असतं, मॅडम."

माझं लक्ष खरंच बारीक असतं. गार्गीच्या श्वासात घरघर आली तर ती मला शेजारच्या खोलीत ऐकू येते. फितूर मात्र मला चौथ्या दिवशी संध्याकाळी सापडला, तोही गार्गीच्या तोंडात.

मी सहाला पोचले तर मावशी आत दूध तापवत होत्या आणि कार्टी उंबऱ्यात बसून चिठ्ठ्यांची तार ओढून काहीतरी चघळत होती. मी बोट घालून तो लगदा बाहेर काढला आणि उलगडला. एका बाजूला माझं अक्षर: "१० वाजता पेज. गाळून." दुसऱ्या बाजूला छापलेलं: "प्रश्न तिसरा." त्याखाली सदूनानांची लाल रेघ.

मी तार हातात घेतली. पहिली चिठ्ठी, मागे प्रश्न पहिला. दुसरी, दुसरा. चौथी, चौथा. सगळे क्रमानं, माझ्याच हातानं, कबूतर हाकलण्याच्या सूचनांसकट.

"काय खाल्लं गं तिनं?" मावशींनी आतून विचारलं.

"कागद."

"कुठला?"

"कोरा," मी म्हणाले.

तात्यांना कळलं तर तास गेले. मावशींशी त्याबद्दल बोलावं तर काय बोलावं? त्यांना काय वाटत असेल? मी त्यांची चेष्टा करत होते आणि ती त्यांनाच दाखवायला पाठवत होते, असंच ना? मग तिसरा पाळणा? दुसऱ्या दिवशी मी स्वच्छ वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली.

मावशींनी ती वाचली. मग उलटली. परत सुलटी केली, आणि माझ्याकडे बघितलं.

"आज कोरी?"

"हो... ते कागद संपले होते."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्या दिवशी फळ्यावर नुसतं "आज: मुगाची खिचडी" होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, "आज: दहीभात." सदूनाना टपरीवरून परत आले. "फितूर भ्याला," म्हणाले. तात्यांनी त्यांच्यासाठी स्वतः चहा सांगितला.

समेट टिकला तो दुपारपर्यंत. दुपारी सदूनाना गल्लीगल्ली फिरून आले ते पडलेल्या तोंडानं. टेबलावर पुन्हा कप मांडले. या वेळी मावशींसाठी बशी नव्हती, पाण्याचा तांब्या होता.

"बाई पाचशेवर गेलीय, तात्या."

"घुल्याचीच ना?"

"नाही. घुल्याची माणसं हलली नाहीत. हलल्यात त्या आपल्या गल्लीतल्या बायका. तुझ्या सुनेच्या पिशवीत पण बाईच्या चिन्हाचं कार्ड होतं."

तात्यांनी तांब्या बाजूला सारला. "तू म्हणालास दोरी तुझ्या हातात आहे."

"आहे. एक डाव राहिलाय." सदूनाना माझ्याकडे वळले. "मॅडम, सातवा प्रश्न लिहून घ्या. ‘जिच्याकडे स्वतःचं एकुलतं लेकरू चार वर्षं फिरकत नाही, ती बाई आपली लेकरं काय सांभाळणार?’"

माझं पेन थांबलं. "नाना, हे नको."

"खोटं आहे का? तुम्हीच सांगितलंत."

"हे मी... हे प्रचारासाठी नव्हतं सांगितलं."

"सांगितलेलं कशासाठी होतं ते ऐकणारा ठरवतो, मॅडम."

मी तात्यांकडे बघितलं. ते वाईट नव्हते हो. त्यांनी नजर चुकवली आणि म्हणाले, "उद्या दुपारी चारला वाटायचं. पाचला प्रचार थांबतो. उत्तर द्यायला तिला वेळ राहणार नाही. मॅडम, तुमचे तास पक्के समजा."

मी लिहून दिलं. हे मी कुणावर ढकलत नाही. शुद्धलेखन सुद्धा तपासलं.

सदूनानांनी लाल रेघ मारली, "फिरकत नाही" च्या खाली, जोर यावा म्हणून. मी नवी प्रत काढली. जुनी पर्समध्ये ठेवली. या वेळी ती तिथे का ठेवली, ते मला माहीत होतं.

सकाळी मी त्या कागदाच्या पाठीवर नेहमीसारखं लिहिलं. "१० वाजता पेज. थोडी सर्दी आहे. पाणी कोमट." आणखी काही लिहावं असं वाटलं, सुचलं नाही. मावशींनी चिठ्ठी घेतली. वाचली. उलटली. गार्गी त्यांच्या कडेवरून त्यांची आठी बोटानं पुसायला बघत होती. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

त्यांनी तो कागद तारेत खोचला नाही. चौघडी करून कमरेला खोचला. "पाणी कोमटच देते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बारा वाजता शिंपी गल्लीत माणूस मावेना. सदूनाना स्वतः बघून आले. आल्यावर पत्रकांच्या गठ्ठ्यावरच बसले. तात्या म्हणाले, "बोल की."

"तिनं फळा भरून लिहिलंय," नाना सावकाश म्हणाले. "‘माझा मुलगा सुधीर चार वर्षं घरी आला नाही. त्यानं परजातीत लग्न केलं तेव्हा मी दार लावलं. चूक माझी. त्याची माफी मी मागेन, तुम्हाला त्याचं काही नाही. गटारीचं मात्र तुम्हाला आहे. आज जेवण नाही, पोरांना घरी न्या.’"



"वाट पत्रकं," तात्या म्हणाले.

"कुणाला पाडायला? ती आपणहून पाठीवर झोपली, तात्या. पडलेल्याला पाडायला गेलं की लोक दगड मारतात." नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "जोड चुकली माझी."

दोन हजार पत्रकं मी रद्दी म्हणून घरी घेऊन गेले. पुढचे दोन दिवस आमच्या बंबात पाणी असं तापलं की सासूबाई म्हणाल्या, "कसला गं कागद हा, छान पेटतो."

निकाल लागला. घुले सातशे दोन, इंदूमावशी पाचशे एकसष्ट, तात्या चारशे अठ्ठ्याण्णव. घुल्यांचं नाव आम्ही पंधरा दिवसांत एकदाही घेतलं नव्हतं. ते गुलाल अंगावर घेऊन शिंपी गल्लीतून गेले आणि पाचशे एकसष्ट मतांकडे बघून महिन्याच्या आत गटारीवर फरशी टाकून मोकळे झाले. मला तास मिळाले नाहीत. मावशी नगरपरिषदेत गेल्या नाहीत, त्यामुळे तिसरा पाळणा मात्र राहिला. माझ्या मनात खोल कुठेतरी, लाजेच्या शेजारी, पेढे वाटल्यासारखं झालं.

निकालाच्या संध्याकाळी मी गार्गीला न्यायला गेले. मावशींनी माझ्या हातावर रव्याचा लाडू ठेवला.

"बस. पहिल्या दिवशीच सांगणार होते तुला, पण म्हटलं, निवडणूक होऊ दे."

मी बसले. लाडू हातात.

"त्या दिवशी दुपारी मी अर्ज मागं घ्यायला जाणार होते. म्हटलं, कुठं या बाप्यांच्या नादी लागायचं! सकाळी तुझी चिठ्ठी आली. उलटून बघितली आणि तिथंच बसले. म्हटलं, पोर त्यांच्याकडं कामाला, उघड बोलायची सोय नाही, तर लेकराच्या चिठ्ठीमागनं मला सावध करतीय. एवढी भित्री पोर! कबुतराला भिणारी! ती एवढं करते आणि मी मागं फिरू?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "दोन दिवस कोरी आलीस तेव्हा कळलं मला, तुझ्यावर डोळा ठेवला असणार त्यांनी. तरी सातवी चिठ्ठी आणलीसच."

मी लाडू तोंडात कोंबला. सबंध. बोलायची सोयच ठेवली नाही.

"एक मात्र कळलं नाही," मावशी गार्गीचे मोजे शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सुधीरचं त्यांना कुणी सांगितलं असेल गं? मी तर गावात बोलले नव्हते कुणाशी."

लाडू कोरडा होता. गिळायला वेळ लागला.

"गावात काय लपतं, मावशी," मी म्हणाले.

"तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि त्यांना दुसरा मोजा सापडला.

पुढच्या वर्षी यांची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. गार्गी आता दुसरीत आहे, धाकटा दहा महिन्यांचा. इथल्या पाळणाघरात चिठ्ठी चालत नाही, फोनवर भरावं लागतं. कबुतराचा रकानाच नाही त्यात. गेल्या आठवड्यात भरता भरता मावशींना फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही म्हणाला. तीनदा लावला. मला जायला हवं, हे कळतं. पण गेले तर त्या पाठीवर हात ठेवतील, आणि मी पुन्हा लाडू कोंबून येईन.

म्हणून तुम्हाला सांगते. खडकपूरच्या बाजूला कधी गेलात तर शिंपी गल्लीच्या टोकापर्यंत जा. फरशी टाकलेली गटार, त्यापुढे तीन पायऱ्या. मावशी आहेत का, बऱ्या आहेत का, बघा. सुधीर येऊन गेला का, तेही आडून विचारा. पहिल्या चार चिठ्ठ्यांचं खरं काय ते सांगू नका, तेवढं राहू द्या त्यांच्याकडे. पण सुधीरचं तात्यांच्या माणसांना कुणी सांगितलं असेल, असं त्यांनी अजूनही विचारलं तर माझं नाव सांगा. आणि आधी एवढं करा, दारावर फळा आहे का आणि त्यावर आजचं जेवण लिहिलंय का, ते बघून मला कळवा.